नावातला आकडा शिशाचा, क्लोरीनचा नव्हे

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की मुलांच्या जर्नल तपासताना एकच पदार्थ मला चार नावांनी भेटतो. कुणी नुसते ‘लेड क्लोराईड’ लिहितो, कुणी ‘लेड डायक्लोराईड’, कुणी ‘प्लंबस क्लोराईड’, आणि दोघे-तिघे तरी ‘लेड क्लोराईड(दोन)’, म्हणजे कंस अगदी शेवटी. पहिले नाव अपुरे आहे, दुसरे आणि तिसरे चालण्यासारखी आहेत, चौथे साफ चूक आहे. ते चूक का, असे विचारले तर उत्तर येते, “पुस्तकात कंस मध्ये आहे म्हणून.” या उत्तराने गुण मिळतील, पण रसायनशास्त्र हाती लागणार नाही. कंस मध्ये का आहे हे एकदा नीट समजले, की शिशाची दोन्ही क्लोराईडे, त्यांचे रंग, त्यांचे वागणे, प्रयोगशाळेत त्यांच्याशी कसे वागायचे, हे सगळे त्या एका आकड्यातून उलगडत जाते. म्हणून हा लेख, मुख्यतः अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी.

एक सूचना आधी करते. सूत्रे मी इथे तोंडाने वाचतो तशी लिहिली आहेत: पीबीसीएल२, पीबीसीएल४. वहीत ती रोमन अक्षरांतच लिहा, आणि २ किंवा ४ हा आकडा अक्षराच्या पायाशी, लहान काढा. कंसातला आकडा मात्र रोमन अंकात लिहायचा असतो: दोनसाठी दोन उभ्या रेघा, चारसाठी एक उभी रेघ आणि तिच्या उजवीकडे रोमन पाच. इथे मी तो ‘लेड(दोन) क्लोराईड’ असा लिहीत आहे. वाचताना आपण ‘लेड टू क्लोराईड’ म्हणतो. धातूचे नाव आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. कंस संपल्यावर जागा सोडून मग ‘क्लोराईड’.

शिशाची नावे

शिसे या धातूने नावांचा घोळ आपल्याकडे फार जुन्या काळापासून घालून ठेवला आहे. शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर मात्र शिशाचे ऑक्साईड आहे, आणि त्याच्या नावात शिशाचा मागमूसही नाही. मुरदाडशिंग हे शिशाचे दुसरे ऑक्साईड. जुन्या रंगांतला सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट. आयुर्वेदात या धातूला नाग म्हणतात. आणि नळ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला आपण प्लंबर म्हणतो ते लॅटिनमधल्या ‘प्लंबम’वरून, कारण रोमन लोकांचे पाण्याचे नळ शिशाचे होते. याच प्लंबममधून पीबी ही संज्ञा आली. अणुअंक ८२, अणुवस्तुमान २०७.२.

प्लंबस आणि प्लंबिक ही नावेही तिथलीच. जुना नियम असा होता की धातूच्या दोन संयुजांपैकी लहान असेल तिथे ‘अस’ लावायचे, मोठी असेल तिथे ‘इक’. नियम सोपा वाटतो, पण तो खरी माहिती लपवतो. फेरस म्हणजे दोन आणि फेरिक म्हणजे तीन. क्युप्रस म्हणजे एक आणि क्युप्रिक म्हणजे दोन. प्लंबस म्हणजे दोन आणि प्लंबिक म्हणजे चार. म्हणजे ‘इक’ या एकाच शेपटाचा अर्थ तीन धातूंसाठी तीन वेगळे आकडे. प्रत्येक धातूचे वेगळे पाठांतर आलेच. ही अडचण दूर करण्यासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सरळ आकडाच नावात लिहायची पद्धत सुचवली. आज आपण वापरतो ती स्टॉक पद्धत हीच.

आकडा कुणाचा?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लेड(दोन) क्लोराईड या नावातला दोन कशाचा? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येते, “दोन क्लोरीनचा.” सूत्र पीबीसीएल२ असल्यामुळे हे उत्तर बरोबर वाटते, आणि तिथेच फसगत होते. तो दोन क्लोरीनच्या अणूंची संख्या सांगत नाही. तो शिशाची ऑक्सिडीकरण अवस्था सांगतो, म्हणजे या संयुगात शिशाचे किती इलेक्ट्रॉन त्याच्या हातातून गेले आहेत असे आपण मानतो ते. म्हणून तो आकडा शिशाच्या नावाला चिकटून बसतो. क्लोराईडच्या मागे लावला तर तो चुकीच्या माणसाच्या खात्यावर जमा होतो.

क्लोराईडमध्ये दोन्ही आकडे सारखे येतात तो केवळ योगायोग. क्लोराईड आयनावर नेहमी एकच ऋण प्रभार असतो, त्यामुळे शिशावर जितके धन प्रभार, तितकेच क्लोराईड लागतात. ही सवय मनातून काढायची असेल तर ऑक्साईडांकडे वळा. पीबीओ या सूत्रात पायाशी आकडाच नाही, तरी त्याचे नाव लेड(दोन) ऑक्साईड, कारण ऑक्सिजनचे दोन ऋण प्रभार एकट्या शिशाने भरून काढले आहेत. आणि पीबीओ२ या सूत्रात पायाशी दोन आहे, तर त्याचे नाव लेड(चार) ऑक्साईड. सूत्रातला दोन बघून ज्यांनी हे नाव ‘लेड(दोन) ऑक्साईड’ लिहिले असेल त्यांना आपली चूक इथे स्वच्छ दिसेल. परीक्षेत नेमका हाच प्रश्न विचारतात आणि नेमके इथेच गुण जातात.

डाय आणि टेट्रा ही उपसर्गांची पद्धत वेगळी. ‘लेड डायक्लोराईड’मधला डाय खरोखर क्लोरीनचे अणू मोजतो. हे नाव चुकीचे नाही, आंतरराष्ट्रीय नियमांनाही ते चालते. फक्त दोन पद्धतींची खिचडी करू नका. ‘लेड(दोन) डायक्लोराईड’ असे लिहिले की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे होते. आणि नुसते ‘लेड क्लोराईड’ बोलताना ठीक आहे, बाटलीवर नाही. कारण शिशाची क्लोराईडे दोन आहेत आणि त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एका अक्षरावर लक्ष ठेवावे. क्लोराईड आणि क्लोराईट यांत फरक फक्त ड आणि ट यांचा. क्लोराईडमध्ये नुसता क्लोरीन असतो, क्लोराईटमध्ये क्लोरीनबरोबर ऑक्सिजनचे दोन अणू, क्लोरेटमध्ये तीन. लेड क्लोराईट तापवले तर स्फोट होऊ शकतो. लेड क्लोराईड तापवले तर ते शांतपणे वितळते. घाईत लिहिलेला ड ट सारखा दिसला तर काय होईल याचा विचार करून लेबल लिहा.

दोन भाऊ, दोन स्वभाव

लेड(दोन) क्लोराईड हा पांढरा स्फटिकी घन पदार्थ. ५०१ अंश सेल्सियसला वितळतो, ९५० अंशांच्या आसपास उकळतो. पाण्यात थोडासाच विरघळतो. हे आयनिक संयुग असल्यामुळे घनरूपात त्याचा सुटा रेणू नसतो. शिशाच्या प्रत्येक आयनाभोवती नऊ क्लोराईड असतात, त्यांतले सात जवळचे आणि दोन किंचित लांबचे. तेव्हा स्फटिकाबद्दल लिहिताना ‘पीबीसीएल२ चा रेणू’ असे शब्द टाळावेत.

लेड(चार) क्लोराईड पाहायला मिळण्याची शक्यता तुम्हाला जवळजवळ नाही, आणि ते बरेच आहे. ते म्हणजे पिवळा, तेलकट द्रव. उणे १५ अंशांना गोठते आणि ५० अंशांच्या आसपास फुटून लेड(दोन) क्लोराईड आणि क्लोरीन वायू देते. दमट हवेत त्याच्यातून धूर निघतो, कारण हवेतल्या पाण्याशी क्रिया होऊन लेड(चार) ऑक्साईड आणि हायड्रोजन क्लोराईड तयार होते. त्याचे सुटे रेणू असतात, चतुष्फलकी आकाराचे, आणि बंध सहसंयुज. सूत्रात फक्त दोन क्लोरीन वाढले, पण आयनिक घनाचा सहसंयुज द्रव झाला आणि टिकाऊ पदार्थाचा टिकत नसलेला.

असे का व्हावे? शिसे आवर्तसारणीत गण १४ मध्ये कार्बनच्या रांगेत बरेच खाली येते. बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन: दोन ‘एस’ कक्षिकेत, दोन ‘पी’ कक्षिकेत. कार्बन आणि सिलिकॉन हे चारही इलेक्ट्रॉन सहज बंधात वापरतात. गणात खाली जाल तसे ‘एस’मधली जोडी केंद्रकाकडे अधिकाधिक घट्ट ओढली जाते आणि बंधात उतरायला तयार होत नाही. शिशापर्यंत पोचेतो ही जोडी इतकी सुस्त होते की शिशाला दोनच इलेक्ट्रॉन देणे परवडते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ नेव्हिल सिजविक यांनी १९२७ मध्ये हिला निष्क्रिय जोडी असे नाव दिले. म्हणून कार्बन आणि सिलिकॉन यांची चारची अवस्था पक्की, कथिलाच्या दोन्ही अवस्था नांदतात, आणि शिशाची दोनची अवस्था पक्की.

आता चारच्या अवस्थेतल्या शिशाला गेलेले दोन इलेक्ट्रॉन परत हवे असतात. शेजारी क्लोराईड आहे, आणि तो इलेक्ट्रॉन सोडायला फार खळखळ करत नाही. तो इलेक्ट्रॉन देतो, स्वतः क्लोरीन वायू होऊन निघून जातो, आणि शिसे दोनवर येऊन स्थिरावते. हीच चावी दुसऱ्या कुलपालाही लावून पाहा. फ्लोराईड इलेक्ट्रॉन सोडत नाही, म्हणून लेड(चार) फ्लोराईड हा टिकणारा घन पदार्थ आहे. आयोडाईड तर इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळच, म्हणून लेड(चार) आयोडाईड अस्तित्वातच नाही. ‘पीबीआय४ का मिळत नाही?’ हा प्रवेश परीक्षांचा आवडता प्रश्न. त्याचे उत्तर पाठ करायची गरज नाही.

शेंदराची परीक्षा

आपल्याला हे समजले की नाही हे पाहण्यासाठी मी मुलांना नेहमी शेंदराचे सूत्र देते: पीबी३ओ४. यात शिशाची अवस्था काढा म्हटले की मुले आठ भागिले तीन करतात आणि अपूर्णांक आला म्हणून गोंधळतात. वस्तुस्थिती अशी की शेंदरात शिशाचे तीन अणू एकसारखे नाहीतच. दोन अणू दोनच्या अवस्थेत आहेत, एक चारच्या. दोन दुणे चार, अधिक चार, एकूण आठ. ऑक्सिजनचे चार गुणिले दोन, आठ. हिशेब जुळला. म्हणून त्याचे नाव लेड(दोन,चार) ऑक्साईड असे दोन आकड्यांनी लिहितात.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. शेंदरावर विरल नायट्रिक आम्ल टाकले की त्याचा नारिंगी रंग जाऊन चॉकलेटी भुकटी उरते. दोनच्या अवस्थेतले शिसे नायट्रेट होऊन द्रावणात उतरते आणि चारच्या अवस्थेतले लेड(चार) ऑक्साईड होऊन तळाशी राहते. दोन प्रकारचे शिसे डोळ्यांदेखत वेगळे होते. नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर मात्र वेगळेच घडते: शेंदराचा एक भाग आणि आम्लाचे आठ भाग यांपासून लेड(दोन) क्लोराईडचे तीन भाग, पाण्याचे चार आणि क्लोरीनचा एक भाग. सगळे शिसे दोनवर आले, आणि त्यासाठी क्लोराईडला इलेक्ट्रॉन द्यावे लागले. पण या दुसऱ्या क्रियेत क्लोरीन वायू सुटतो, म्हणून ती समीकरणातच पाहा. घरात देव्हाऱ्याजवळचा शेंदूर घेऊन यांतली कोणतीही गोष्ट करून पाहू नका.

परीक्षानळीतले शिसे

ज्या प्रयोगशाळांत शिशाचे क्षार अजून विश्लेषणासाठी देतात, तिथे लेड(दोन) क्लोराईडची गाठ पहिल्याच गटात पडते. मूळ द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की पांढरा साका बसतो, म्हणजे अवक्षेप तयार होतो. विरल आम्लाने असा साका देणारे धन आयन तीनच: शिसे, चांदी आणि मर्क्युरस. त्यांतून शिसे ओळखायचे ते गरम पाण्याने. लेड(दोन) क्लोराईड २० अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १ ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात ३.३ ग्रॅमच्या आसपास. चांदीचे क्लोराईड गरम पाण्याला दाद देत नाही. ते अमोनियात विरघळते. मर्क्युरस क्लोराईड अमोनियाने काळे पडते.

इथे मुले ज्या चुका करतात त्या सांगते, कारण वर्षानुवर्षे त्याच पाहत आले आहे. पहिली चूक नळाचे पाणी वापरण्याची. नळाच्या पाण्यात क्लोराईड, सल्फेट, बायकार्बोनेट असतात. लेड नायट्रेट त्यात विरघळवताच द्रावण दुधाळ होते आणि विद्यार्थी आम्ल घालण्याआधीच गोंधळतो. ऊर्ध्वपातित पाणीच घ्या.

दुसरी चूक आम्ल घालताना होते. साका कमी दिसला की मुले आणखी आम्ल ओततात, काही जण संहत आम्लाच्या बाटलीकडे हात नेतात. थोडे जास्त विरल आम्ल उपयोगाचे असते. वाढलेल्या क्लोराईडमुळे साका अधिक पूर्ण बसतो, यालाच समआयन परिणाम म्हणतात. पण क्लोराईड फारच वाढले तर शिसे जास्तीचे क्लोराईड जोडून घेऊन विद्राव्य संकुल आयन बनवते आणि बसलेला साका पुन्हा विरघळू लागतो. म्हणजे ज्या गोष्टीने साका वाढतो, तिच्याच अतिरेकाने तो नाहीसा होतो. थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक वेळी नळी हलवा, आणि साका वाढायचा थांबला की थांबा.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, पण तिने चांगल्या विद्यार्थ्यांनाही चकवले आहे. लेड(दोन) क्लोराईड थंड पाण्यातही थोडे विरघळते, त्यामुळे मूळ द्रावण पातळ असेल तर पहिल्या गटात काहीच दिसत नाही. शिसे निसटून पुढे जाते आणि दुसऱ्या गटात हायड्रोजन सल्फाईडने काळा साका देते, तो लेड सल्फाईडचा. म्हणून शिसे दोन्ही गटांत लिहिलेले असते. पुस्तकात ते दोनदा का आले हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना हे उत्तर.

साका मिळाल्यावर तो गाळून घ्या, थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात उकळा आणि गरम असतानाच वापरा. थंड होऊ दिलात तर त्याच द्रावणात चकाकत्या पांढऱ्या सुया वाढताना दिसतील. वेळ असेल तर हे अवश्य पाहा, पाठ्यपुस्तकातल्या विद्राव्यतेच्या तक्त्यापेक्षा ते जास्त लक्षात राहते. गरम द्रावणात पोटॅशियम आयोडाईडचे दोन-चार थेंब घातले की गर्द पिवळे लेड आयोडाईड मिळते. हे पिवळे द्रावण पुन्हा तापवून सावकाश थंड केले तर सोनेरी पातळ चकत्या खाली उतरतात. इथेही थेंब मोजून, कारण आयोडाईड जास्त झाले तर पिवळा रंगच जातो. क्रोमेटची चाचणीही पुस्तकात असते. माझे मत असे की आयोडाईडने काम भागत असेल तर क्रोमेटला हात लावू नये. शिशाच्या जोडीला क्रोमियमचे विष कशाला?

तराजूवरचा हिशेब

लेड(दोन) क्लोराईडचे मोलर वस्तुमान २७८.१ ग्रॅम. त्यात २०७.२ ग्रॅम शिसे, म्हणजे वजनाने जवळजवळ तीन चतुर्थांश. ०.०१ मोल लेड नायट्रेट घ्यायचे तर ३.३१ ग्रॅम, आणि त्याला लागणारे ०.०२ मोल मीठ १.१७ ग्रॅम. समीकरणाप्रमाणे २.७८ ग्रॅम क्लोराईड मिळायला हवे. पण ही क्रिया १०० मिलिलिटर पाण्यात केलीत तर हातात फार तर १.८ ग्रॅमच्या आसपास येईल. उरलेले चोरीला गेलेले नाही; ते पाण्यात विरघळलेले आहे. उत्पन्न कमी आले म्हणून आकडे ‘सुधारून’ लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. तसे करू नका. पाणी कमी घ्या, द्रावण थंड करा, मीठ थोडे जास्त घ्या. आणि जे वजन आले ते प्रामाणिकपणे लिहून कमी येण्याचे कारण द्या. ते कारणच या प्रयोगाचे फळ आहे.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक आडवळण. पुस्तकात या क्षाराचा विद्राव्यता गुणाकार १.७ गुणिले दहाचा उणे पाचवा घात असा असतो. त्यावरून विद्राव्यता काढली, म्हणजे चार एस घन बरोबर ही किंमत असे मांडले, तर दर लिटरला सुमारे ०.०१६ मोल, म्हणजे साडेचार ग्रॅम येतात. प्रत्यक्ष मोजमाप मात्र त्याच्या दुपटीच्या वर, जवळपास १० ग्रॅम. एका विद्यार्थिनीने मला हा फरक दाखवला होता आणि तिला वाटत होते की आपलेच गणित चुकले. गणित बरोबर होते. त्या सोप्या मांडणीत आपण असे धरतो की विरघळलेला सगळा पदार्थ सुटे आयन होऊन फिरतो. वास्तवात बरेचसे शिसे एका क्लोराईडला धरूनच द्रावणात राहते, आणि गर्दीमुळे आयनांची परस्परांवरची ओढही हिशेबात येत नाही. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे सोडवा, पण हा फरक ध्यानात असू द्या.

प्रयोगशाळेबाहेर

लेड(दोन) क्लोराईड निसर्गातही सापडते. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या तोंडाशी ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळाले. त्या खनिजाला नेपल्सचे वैद्य डोमेनिको कोतुन्यो यांच्या नावावरून कोटुनाईट म्हणतात. ग्रीसमधल्या लॉरियनच्या प्राचीन खाणींतली शिशाची मळी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शतकानुशतके पडून राहिली आणि तिच्यावर क्लोराईड व हायड्रॉक्साईड यांचे मिश्र संयुग तयार झाले, तेच लॉरियोनाईट. हेच संयुग प्राचीन इजिप्तच्या लोकांनी डोळ्यांच्या सौंदर्यप्रसाधनांसाठी मुद्दाम बनवले होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कुप्यांचे विश्लेषण करून संशोधकांनी १९९९ मध्ये हे दाखवून दिले. शिशाचे ऑक्साईड, मीठ आणि पाणी यांच्यापासून ते करायला आठवडेच्या आठवडे लागत.

आपल्या रस्त्यांवरही शिशाचे क्लोराईड बरीच वर्षे उडत होते. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत तेव्हा इंजिनात शिशाचा थर साचू नये म्हणून जोडीला क्लोरीन आणि ब्रोमीन असलेले पदार्थ घालत. शिसे त्यांच्याशी संयोग पावून क्लोराईड-ब्रोमाईडच्या रूपात धुरातून बाहेर पडे. इंजिन स्वच्छ राहिले, आणि ते शिसे रस्त्याकडेच्या मातीत आणि मुलांच्या फुप्फुसांत गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली.

मुलांच्या शरीरात शिशाचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटनेला ठाऊक नाही. शिसे साचते, हाडांत बसते, आणि वाढत्या वयात मेंदूवर परिणाम करते. म्हणून प्रयोगशाळेतल्या या चार-सहा थेंबांकडेही हलक्याने पाहू नका. डबा प्रयोगशाळेत उघडायचा नाही, पिपेट तोंडाने ओढायची नाही, भुकटी उडेल असे काही करायचे नाही, आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझरने शिसे जात नाही. गर्भवती शिक्षिका आणि प्रयोगशाळा सहायिका यांना शिशाच्या प्रयोगांपासून दूर ठेवावे, हे विभागप्रमुखांनी स्वतःहून पाहावे. त्यांना मागावे लागू नये. आणि लेड(चार) क्लोराईड कनिष्ठ महाविद्यालयात कुणीही बनवू नये.

ज्यांची आकड्याची पद्धत आपण शिकतो त्या आल्फ्रेड स्टॉक यांनाच प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने वर्षानुवर्षे विषबाधा झाली होती. कारण कळल्यावर त्यांनी १९२६ मध्ये त्यावर उघडपणे लिहिले आणि पुढे आयुष्यभर इतरांना सावध केले.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रात्यक्षिक संपले की परीक्षानळ्या बेसिनमध्ये रिकाम्या करायची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. तिथून ते शिसे गटारात, ओढ्यात आणि शेवटी कुणाच्या तरी विहिरीत जाते. प्रत्येक टेबलावर झाकणाची एक प्लास्टिकची बाटली ठेवा, शिशाचे प्रत्येक द्रावण, साका आणि गाळणकागद तिच्यात जाऊ द्या, आणि ती भरली की घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. बाटलीवर तारीख लिहा, ‘विषारी’ लिहा आणि आत काय आहे ते पूर्ण नावाने लिहा: लेड(दोन) क्लोराईड, लेड(दोन) आयोडाईड. नुसते ‘वेस्ट’ लिहू नका. ती बाटली उचलणाऱ्या माणसाला आत काय आहे हे कळले पाहिजे.